टिंबं दिलेली ओळ

५ जानेवारी

ती. मामास,

नमस्कार. साष्टांग घालायला खोलीत जागा नाही. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये मी आडवी झाले तर दार उघडत नाही, तेव्हा उभ्याउभ्याच मानून घे.

इथे परदेशात मी मजेत आहे. लॅबमध्ये आता मला वरच्या जबड्याचं काम देतात, म्हणजे बढतीच म्हण. दातांचे डॉक्टर तोंडाचे साचे पाठवतात, आम्ही त्यात प्लॅस्टर ओततो आणि त्यावरून कवळ्या बनवतो. मी मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवते. खोलीत सोळा टेबलं, सोळा माणसं, सगळ्यांच्या तोंडाला मास्क. प्रत्येक टेबलाखाली धूळ ओढणारी नळी असते, ती दिवसभर घूं करते. त्या आवाजात स्वतःचं शिंकणंही ऐकू येत नाही.

पण माणसं छान आहेत. शेजारच्या टेबलावर एक मेणवाली बाई आहे. ती काल मला म्हणाली, ‘आपल्याकडे सगळं अबव्ह बोर्ड असतं हं.’ मी समजल्यासारखी मान हलवली. लपवाछपवी नाही एवढं कळतं, पण हे बोर्ड कुठलं? तुझ्या कोशात असेलच. लवकर लिही, मैत्रिणीला सांगायचं आहे.

जेवण वेळेवर होतं का? की चहावरच भागवतोस?

तुझी,
टिंब


१४ जानेवारी

चि. टिंबास,

आशीर्वाद. नमस्कार तू उभ्याने केलास, मी बसून स्वीकारला. गुडघ्यांना तेच सोयीचं.

‘अबव्ह बोर्ड’मधलं बोर्ड म्हणजे टेबल. पत्ते खेळणाऱ्याचे दोन्ही हात टेबलाच्या वर दिसत असले की खालच्या खाली पत्ता बदलायची सोय राहत नाही. जुगाऱ्यांचा शब्द असा सज्जनांच्या तोंडी आला. तुला मैत्रीण मिळाली हे वाचून फार बरं वाटलं. तू मुळात घुमी. शाळेतून आलीस की तासभर दप्तराशीच बोलायचीस.

इकडची बातमी अशी की कोशाची मुद्रितं आली. दोनशे बारा पानं. इंग्रजी वाक्प्रचार, त्यांचे अर्थ आणि त्यांच्या जन्मकथा. अठ्ठावीस वर्षांचं काम एका खोक्यात बसलं, आणि खोकंही पूर्ण भरलं नाही. छापखान्याने मार्चअखेरपर्यंत तपासून मागितलं आहे.

मुद्रितं बघून तुझा पराक्रम आठवला. खोडलेला शब्द परत ठेवायचा असेल तर त्याच्याखाली टिंबं द्यायची, ही आमच्या मुद्रितशोधकांच्या धंद्यातली रीत. टिंबं दिली म्हणजे आहे तसं राहू द्या. तू सात वर्षांची असताना माझं लाल पेन घेऊन एका अख्ख्या पानावर, मी खोडलेल्या प्रत्येक शब्दाखाली नक्षी काढल्यासारखी टिंबं दिलीस. मी न बघता पान धाडलं. सगळ्या चुका इमानेइतबारे छापल्या गेल्या. माझी नोकरी जाता जाता राहिली आणि तुला नाव मिळालं. ही व्युत्पत्ती तेवढी कोशात नाही.

खालचा शिंपी विचारतो की भाची फोन का नाही करत. त्याला म्हटलं, मीच नको म्हणतो. बोललेलं तपासता येत नाही.

तुझा,
मामा


२५ जानेवारी

ती. मामास,

नमस्कार.

मेणवालीला पत्त्यांची गोष्ट सांगितली. ती खूप हसली. मग तिने प्लॅस्टरवाल्याला सांगितली आणि तोही हसला. तो मला म्हणाला, ‘नव्या जागी माणसाला बुलेट बाइट करावीच लागते.’ मग मेणवाली म्हणाली, ‘चला, हिने आइस ब्रेक केला.’ एका दुपारी दोन-दोन मिळाले. दोन्हींच्या कथा पाठव.

मुद्रितं आली हे वाचून मी उठून खोलीत एक फेरी मारली, म्हणजे दीड पाऊल तिकडे आणि दीड इकडे. पण मामा, आता तुला वाचून कोण दाखवतं? मामी मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि तू छापलेल्यावरून बोट फिरवायचास. स्वल्पविराम आला की ती अंगठीने टेबलावर एकदा टकटक करायची, पूर्णविरामाला दोनदा. मी पलीकडच्या खोलीत गणितं सोडवायचे ती त्या आवाजावर. तो बंद झाला की माझं गणित चुकायचं.

कोण वाचतं ते नक्की लिही.

तुझी,
टिंब


४ फेब्रुवारी

चि. टिंबास,

आशीर्वाद.

आधी तुझं काम. भूल द्यायची सोय नव्हती तेव्हा, जखमी शिपायावर शस्त्रक्रिया करताना त्याच्या दातांत बंदुकीची गोळी द्यायचे, म्हणजे तो ओरडणार नाही, असं सांगतात. पुरावा तोकडा आहे, म्हणून मी त्या नोंदीपुढे प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. तू दातांच्या धंद्यात आहेस, तूच सांग, गोळीवर दात टिकेल का? दुसरं सोपं आहे. गोठलेल्या पाण्यात एखादं जहाज पुढे होऊन बर्फ फोडतं आणि मागच्यांना वाट मिळते. अनोळखी माणसांत पहिला शब्द बोलणाऱ्याचं काम तेच. ते तू केलंस याचं मला राहून राहून नवल वाटतं.

वाचणाऱ्याचं म्हणशील तर शिंप्याला बसवून पाहिलं. आपणच लिहिलेलं आपणच तपासायला घेतलं की डोळा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. म्हणून दुसरा आवाज लागतोच. पहिल्या दिवशी शिंप्याने चार पानांतले झाडून सगळे स्वल्पविराम कापले. हाताची सवय. दुसऱ्या दिवशी त्या शिपायाच्या गोष्टीला त्याचे डोळे भरून आले आणि काम तिथेच थांबलं. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, राहू द्या.

मूळ वही तरी समोर असती तर धीर आला असता. ती काळ्या पुठ्ठ्याची जाड वही, जिच्यात पहिल्यांदा सगळं उतरवलं. मामी गेल्यापासून ती सापडत नाही. कपाटं, खोकी, गाद्यांच्या खाली, सगळं पालथं घातलं. तू चार दिवस आली होतीस तेव्हा तूही शोधलीस, आठवतं ना?

बघू.

तुझा,
मामा


१५ फेब्रुवारी

ती. मामास,

नमस्कार.

गोळीचं उत्तर: शिसं मऊ असतं, त्यामुळे खरा दात टिकेल. आमच्याकडच्या कवळीचा मात्र टवका उडेल, तेव्हा म्हाताऱ्या शिपायांनी जपून.

रविवारी मेणवालीच्या घरी गेले होते. पॉलिशवालाही आला होता. तो म्हणाला, ‘बाय अँड लार्ज काम बरं चाललंय.’ आणि मेणवालीची धाकटी बहीण कुणा मैत्रिणीवर रुसली आहे, तिने तिला कोल्ड शोल्डर दिला म्हणे. खूप गप्पा झाल्या. परत आले तेव्हा घसा दुखत होता.

तू दुसरा कुणीतरी वाचणारा शोध. खोकं बंद ठेवू नकोस.

तुझी,
टिंब


२६ फेब्रुवारी

चि. टिंबास,

आशीर्वाद.

‘बाय अँड लार्ज’ शिडाच्या जहाजांवरचं. एक वारा तोंडावरचा, एक पाठीवरचा. दोन्हींत नीट चालेल ते जहाज एकंदरीत बरं. ‘कोल्ड शोल्डर’ची गोष्ट लोक अशी सांगतात की नकोशा पाहुण्याला गरम जेवण न वाढता खांद्याचं थंड मांस पुढे करायचे. गोष्ट गोड आहे, पण पुरावा नाही. प्रश्नचिन्ह. बहुधा नुसतं खांदा फिरवून पाठ करणं एवढंच ते असावं. ते ओळखायला कोश लागत नाही.

आता माझ्या काही शंका. धंद्याची खोड आहे, रागावू नकोस. मेणवाली डावखुरी का उजवी? पॉलिशवाल्याचं वय काय? आणि ५ जानेवारीच्या पत्रात तू लिहिलंस की नळीच्या आवाजात स्वतःची शिंक ऐकू येत नाही, मग मास्कमधून एवढे वाक्प्रचार कसे ऐकू येतात? मागचं पान पुढच्या पानाशी जुळत नसलं की मला चैन पडत नाही.

माझं म्हणशील तर छापखान्याला एक पत्र लिहून पाकिटात घालून ठेवलं आहे. मजकूर परत घेतो, कोश काढू नये, एवढंच लिहिलंय. अजून टाकलेलं नाही. रोज सकाळी खोकं उघडतो, पहिलं पान घेतो आणि टकटक होईल म्हणून थांबतो. मग पुन्हा बंद करतो. घरात दिवसभर माझ्याशिवाय कुणाचा आवाज नसतो, आणि मी तर बोलतच नाही. मी काही चाळीस वर्षं एकटा काम करत नव्हतो, टिंब. हे मला आता कळतंय.

तुझा,
मामा


८ मार्च

ती. मामास,

नमस्कार.

ते पाकीट टाकू नकोस. तुझ्या पायांवर हात ठेवून सांगते. आत्तापुरतं कपाटात ठेव आणि किल्ली शिंप्याकडे दे.

मेणवाली उजवी आहे. बाकीचं पुढच्या वेळी सांगते, आज घाई आहे. आम्ही सगळे तळ्याकाठी सहलीला गेलो होतो. तिथे मी सांगितलं की नोकरीचा करार आणखी वाढवावा का, याचा विचार करतेय. तेव्हा प्लॅस्टरवाला म्हणाला, ‘बर्न युअर बोट्स, मागे बघूच नका.’ याची कथा काय?

तुझी,
टिंब


१७ मार्च

चि. टिंबास,

शत्रूच्या किनाऱ्यावर उतरल्यावर सेनापतीने स्वतःचीच जहाजं जाळून टाकली, म्हणजे सैन्याच्या मनात परतीचा विचार येऊ नये. सेनापती कोण, यावर एकमत नाही. कथा तुला माहीत आहे. सगळ्याच माहीत आहेत.

आता नीट वाच. तुझ्या मित्रमंडळींनी जानेवारीपासून जे वाक्प्रचार वापरले ते इंग्रजी अक्षरमालेच्या क्रमाने वापरले. अबव्ह, बाइट, ब्रेक, बाय, कोल्ड. सोळा माणसांच्या लॅबमध्ये इतकी शिस्तीची माणसं असतील तर मालक भाग्यवान म्हणायचा. तिसऱ्या पत्रालाच माझ्या लक्षात आलं होतं. वाटलं, कुठल्यातरी पुस्तकातून उतरवतेस. उतरव बापडी, पत्र तर येतं. म्हणून गप्प बसलो. गेल्या वेळी तुला शंका विचारल्या, त्या मुलगी बरी आहे ना एवढंच कळावं म्हणून.

पण ‘बर्न युअर बोट्स’ने मला हलवलं. त्याची जागा ‘ब्रेक’नंतर आणि ‘बाय’च्या आधी. ‘कोल्ड शोल्डर’च्या नंतर ते कुठल्याही पुस्तकात येणार नाही. तुझं पत्र खाली ठेवलं, खोकं उघडलं आणि पानं उलटली. आमच्या मुद्रितांत ते नेमकं ‘कोल्ड शोल्डर’च्या नंतर आहे. म्हणजे मामीने स्वच्छ प्रत केली तीत तसं होतं, म्हणजे माझ्या वहीतच तसं होतं. अठ्ठावीस वर्षं ही चूक माझ्या नाकासमोर होती आणि दिसली नाही.

जगात ही चूक एकाच वहीत आहे. ती वही तुझ्याकडे आहे.

मी रागावलो नाही. छापखान्याकडून मेअखेरपर्यंत मुदत मागून घेतली आहे. का मागितली ते मलाही नीट सांगता येणार नाही. एकच विचारतो. लॅबमध्ये तुझ्याशी कुणी बोलतं का?

मामा


२६ मार्च

मामा,

नाही.

मेणवाली आहे, प्लॅस्टरवाला आहे, पॉलिशवालाही आहे. मेणवाली खरंच उजवी आहे. पण तिचा आवाज मला माहीत नाही. सकाळी सगळे मान हलवतात, मास्क चढवतात, नळ्या सुरू होतात. सुट्टीत जो तो आपापल्या गाडीत बसून डबा खातो. मी मागच्या पायरीवर बसते. सहल नव्हती, तळं नव्हतं. गेल्या आठवड्यात मी मोजलं, सहा दिवसांत सतरा शब्द बोलले, आणि त्यांतले बहुतेक दुकानात. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवते आणि संध्याकाळी दार लावून घेतल्यावर कळतं की आज आपण तोंड उघडलंच नाही. मी इथे फार एकटी आहे. हे पत्रात लिहिलं तर तू काळजी करशील, म्हणून मी मैत्रिणी तयार केल्या. त्यांना बोलायला काहीतरी द्यायला हवं होतं, ते वहीतून दिलं.

वही मामीने मी निघताना बॅगेत घातली. म्हणाली, ‘ह्यांना सांगू नकोस. तुला तिकडे पत्र लिहायला विषय सापडणार नाही, आणि ह्यांना विषयाशिवाय दोन ओळी लिहिता येत नाहीत. रोज एक पान उघड.’ ती गेल्यावर तू वही शोधत होतास तेव्हा मीही तुझ्याबरोबर गाद्या उचलल्या. वही तेव्हा इथे माझ्या उशाशी होती. सांगितली असती तर तू परत मागितली असतीस, आणि मग माझ्याकडे मामीचं अक्षर उरलं नसतं. तुझ्या ओळींच्या कडेला तिने ठिकठिकाणी लिहिलंय ना, ‘हे पटत नाही’, ‘दूध संपलंय’, ‘आता उठा’. एवढंच माझ्याकडे आहे. चूक झाली, मामा.

तू लिहिल्यावर ती चूक बघायला पान उघडलं. ‘ब्रेक द आइस’च्या कडेला तारीख आहे आणि खाली मामीचं अक्षर: ‘मुलगी आली. काम बंद.’ पुढच्या पानावर चार दिवसांनंतरची तारीख आणि एकदम ‘बाय अँड लार्ज’.

ती तारीख मला पाठ आहे. आई गेल्यावर तू मला आणायला आलास तो दिवस. मला वाटतं, ‘बर्न’ची नोंद लिहिलेली चिठ्ठी हातात असताना तू उठलास आणि ती कुठेतरी राहून गेली. मग सापडली तेव्हा जिथे होतास तिथेच उतरवलीस.

आता माझं ऐक. वही माझ्याकडे आहे आणि मुद्रितं तुझ्याकडे. दोघं दोन ठिकाणी असलो म्हणून काय झालं? रोज संध्याकाळी तुझ्या घड्याळात सात वाजता मी फोन करीन आणि वहीतून वाचीन. फोन मोठ्या आवाजावर कसा लावायचा ते शिंप्याकडून शिकून घे. माझ्याकडे अंगठी नाही, पण स्टीलचा चमचा आहे. बोललेलं तपासता येत नाही म्हणतोस ना, हे येईल.

सोमवारपासून, म्हणजे पत्र पोहोचल्यानंतरच्या.

टिंब


१ जून

चि. टिंबास,

आशीर्वाद, भरपूर.

मुद्रितं काल धाडली. आज शिंप्याने स्वतः जाऊन पोच आणली आणि एखादं लग्न पार पाडल्यासारखा तोंडभर हसत वर आला. ते पाकीट मी फाडलं, त्याच्यासमोरच.

तू पहिल्या आठवड्यात वाचायचीस ते इतकं हळू की मला दोनदा वाटलं फोन बंद पडला. तुझा आवाज गंजलेला होता. मीही ‘पुढे’ म्हणायला विसरत होतो. तिसऱ्या आठवड्यात तू मध्येच थांबून ‘मामा, ही नोंद अगदीच भंकस आहे’ म्हणालीस, तेव्हा मी पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ काही दिसेना. मामी अगदी असंच म्हणायची. चमच्याची टकटक अंगठीपेक्षा कर्कश आहे, पण सवय झाली.

एक गोष्ट फोनवर सांगितली नाही, कारण ती लिहूनच सांगायची होती. शेवटच्या दिवशी तू फोन ठेवलास आणि मी ‘बर्न युअर बोट्स’चं पान काढलं. चाळीस वर्षांच्या मुद्रितशोधकाने अशी नोंद चुकीच्या जागी सोडली तर लोक हसतील. लाल पेनाने तिच्यावर काट मारली, योग्य जागेकडे बाण काढला. तुला आणायला आलो तेव्हा तू दारात उभी होतीस, एका हातात पिशवी आणि एका पायात चप्पल, दुसरी सापडत नव्हती. ती चिठ्ठी तेव्हा माझ्या खिशात होती, आता आठवलं. मी बाण खोडला आणि त्या सबंध ओळीखाली सावकाश एकेक करून टिंबं दिली. समासात लिहिलं, राहू द्यावे.

आज दुपारी छापखान्यातून फोन आला. ‘काका, ही तर उघड चूक आहे, हलवतो.’ मी म्हटलं, हलवू नका, त्या दिवशी आमच्याकडे मुलगी आली होती. त्याला काही कळलं नाही, पण टिंबं बघितल्यावर त्याला ऐकावंच लागलं.

वही तुझ्याकडेच ठेव. कराराचं काय ते तू ठरव, मी एका शब्दाने बोलणार नाही. तुझी खोली आहे तशी आहे.

काल संध्याकाळी सात वाजता सवयीने फोनजवळ जाऊन बसलो. मग लक्षात आलं की वाचायचं काही उरलेलं नाही. साडेसातपर्यंत बसलो होतो. आज पुन्हा बसेन, उद्याही. वाचायला काही नसलं तरी फोन कर. मी तपासणार नाही.

तुझा,
मामा